आईचा अंगठा

मी कॉलेजात मुलं कशी वाढतात ते शिकत होते. ही गोष्ट घरी पहिल्यांदा सांगितली तेव्हा आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. "मुलं वाढवायला कॉलेज? माझी सहा अंगणात वाढली, त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही!" वडील शाळामास्तर. 'गृहविज्ञान' या शब्दात विज्ञान आहे एवढ्यावर त्यांनी मला मुंबईला वसतिगृहात ठेवलं होतं. पण शेवटच्या वर्षाला माझा मुख्य विषय 'बालविकास आणि कुटुंब' असल्याचं कळल्यावर त्यांनीही अभ्यासक्रमाची पुस्तिका दोनदा उलटसुलट करून पाहिली. मुंबईकरांनी आपल्याला गंडवलं की काय, ही शंका त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसत होती.

दोष त्यांचा नाही. संशय आमच्या घराण्यातच आहे आणि माझ्या वाट्याला तो जरा जास्तच आला. दूधवाल्याच्या मापात बोट बुडवून पाहणारी, कुणाचंही पाकीट आलं की उजेडासमोर धरणारी मुलगी मी. आमच्या प्राध्यापिकाबाईंना माझा हाच गुण आवडत असे. त्या म्हणत, "आई प्रेमळ आहे असं लिहू नका. आईने काय केलं ते लिहा. प्रेमळ आहे की नाही ते मी ठरवीन."

बाई स्वतःही काही कमी नव्हत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येकीने दोन-तीन वर्षांचं एक मूल निवडायचं, नात्यातलं नाही, आणि बारा वेळा त्याच्या घरी जाऊन नोंदी करायच्या, असं त्यांनी सांगितलं. त्यासाठी वह्या त्यांनीच दिल्या. साठ पानं, प्रत्येकावर आकडा घातलेला. "दरवर्षी निम्म्या मुली घरी बसून आंबे खातात आणि मूल मनाने रचतात," त्या म्हणाल्या. "म्हणून शेवटच्या पानावर 'हा माझा मुलगा' किंवा 'ही माझी मुलगी' असं लिहून त्याखाली आईची सही आणायची. सही येत नसेल तर अंगठा. त्याशिवाय मी वही उघडणार नाही."

रेवसच्या लाँचमधून उतरले तेव्हा ती वही माझ्या पिशवीत सगळ्यांत वर होती.

आमचं गाव किहीमच्या थोडं अलीकडे. तिथून पाऊण तास चाललं की खाडीच्या कडेला मिठागरांची वस्ती लागते. तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं, म्हणून ती निवडली. पहिल्या दिवशी मी वस्तीत शिरले आणि बघता बघता एकही मूल दिसेना. दारं लागली. एका फटीतून आवाज आला, "टोचनारी आली गो!" देवीची लस टोचणारी बाई समजले होते मला. ते नाही म्हटल्यावर मी मीठखात्याची झाले. वही पाहून तर दोन म्हाताऱ्यांची खात्रीच पटली की सरकार आता पोरंही मोजून नेणार. मी पुलाजवळच्या शाळेतल्या मास्तरांची मुलगी आहे हे सांगितल्यावर एकेक दार उघडलं, तेही अर्धंच.

वस्तीच्या टोकाला दोन झोपड्या एकमेकींना चिकटून होत्या. एकीत पंचविशीतली एक बाई राहत होती. नवरा मुंबईला गोदीत, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. ती मिठागरात टोपल्या वाहायची. दुसऱ्या झोपडीत पन्नाशीची शेजारीण. आणि दोघींच्या मधल्या अंगणात अडीच वर्षांचा एक मुलगा, उघडा, कंबरेला काळा दोरा, कपाळावर रुपयाएवढी काजळाची तीट. मला हवं होतं तसं मूल. त्याचं नाव कुणालाही हेवा वाटू नये असं होतं, केरकचऱ्यावरून ठेवलेलं. ते मी अजूनही लिहीत नाही.

"हा तुमचा का?" मी तरुण बाईला विचारलं.

"माजा न्हाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "शेजारनीचा हाय."

शेजारीण लगेच पुढे आली. "व्हय, माजाच हाय. काय लिवायचा ता माज्या नावानं लिव."

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच. शेजारणीचे केस पांढरे, तिच्या धाकट्या मुलीचंही लग्न होऊन गेलेलं. या वयात हिला अडीच वर्षांचं पोर? बरं, मुलगा जेवायचा तरुण बाईच्या घरी, झोपायचा तिच्या घरी, आणि हाक मारायचा 'काकी' म्हणून. डाव्या भुवईतला भोवरा दोघांचा सारखा. मी वहीत लिहिलं: 'मातृत्वाबद्दल परस्परविरोधी माहिती. तपास करणे.' बालविकासाच्या वहीत 'तपास' हा शब्द पोलिसांकडून आला असावा, पण मला तो फार आवडला.

पुढच्या पाच-सहा भेटींत मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. मुलगा पडला, रडला, तरुण बाई उठली नाही. तिथूनच ओरडली, "अगो, तुजा पोर परला बघ!" मग शेजारीण धावली. मी नेलेल्या काट्यावर त्याचं वजन करायचं म्हटलं तर दोघींनीही साफ नकार दिला. दिसायला गोड आहे असं मी एकदा बोलून गेले, तर तरुण बाई म्हणाली, "कसला गोड, माकड हाय," आणि त्याला माझ्यासमोरून जवळजवळ ढकलूनच दिलं.

माझ्या पुस्तकात याला शब्द होता. मी तो वळणदार अक्षरात लिहिला: 'भावनिक दुरावा.' खाली माझा तर्क. बाईला मूल नको आहे, म्हणून तिने ते म्हातारीच्या गळ्यात मारलं आहे. काहीतरी भानगड असणार. खरं सांगते, मला तिचा राग आला होता. आणि त्या रागात थोडा आनंदही होता, कारण इतर मुलींच्या वह्यांत असलं काही सापडणार नव्हतं.

आठव्या भेटीला मी ठरल्या वेळेआधी गेले. मे महिना, दुपारचं ऊन, माणसं सावलीला गेलेली. मिठागराच्या बांधावर मिठाचे ढीग गवताने शाकारून ठेवले होते. त्यातल्या एकाच्या आड मी उभी राहिले. लपले म्हणावं, उगाच सभ्य शब्द कशाला. समोर बांधाच्या उतारावर ती बाई आणि तो मुलगा, दोघंच होती. अनवाणी फिरून मुलाच्या टाचेला चीर पडली होती आणि तिच्यात मीठ गेलं होतं. तो मुसमुसत होता.

त्या वस्तीत गोडं पाणी मैलभरावरून डोक्यावर आणायचं. हंडाभर पाणी सबंध दिवसाला पुरवायचं. त्या बाईने हंडा कलता केला आणि त्याच्या पायावर गोड्या पाण्याची धार धरली. पुन्हा धरली. जवळजवळ अर्धा हंडा त्या एवढ्याशा पावलावर ओतला. मग पदराने पाय टिपला, फुंकर घातली, आणि तळपाय स्वतःच्या गालाला लावून बसून राहिली. मुलगा हसायला लागला. तिने आजूबाजूला पाहिलं, चोराने पाहावं तसं, आणि दुसरा पायही गालाला लावला.

एखाद्या माणसाला हे पाहून भरून आलं असतं. मला वाटलं, सापडली! मी ढिगामागून बाहेर आले.

"तुमचाच आहे ना तो?"

तिने मुलाला असं सोडलं की तो घसरत खाली गेला. "न्हाय. शेजारनीचा."

"खोटं बोलू नका. मी सगळं पाहिलं." मी वहीचं शेवटचं पान उघडलं. त्यावर मी आधीच लिहून ठेवलं होतं: 'हा माझा मुलगा.' त्याच्यापुढे मुलाचं नाव. "इथे अंगठा द्या. नाहीतर मी वस्तीत सगळ्यांना विचारते, हे मूल कुणाचं, आणि म्हातारीच्या नावावर का खपवलंय ते."

"काय लिवलंय त्याच्यात?"

मी वाचून दाखवलं. तिचा चेहरा मिठासारखा पांढरा झाला. "आमचा नाव नको गो बाय," ती म्हणाली. "तिचा अंगठा घे. ती देल."

"तिचा नको. खऱ्या आईचा पाहिजे."

बाई माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठी असेल, पण मी तिच्याशी शाळेतल्या मुलीशी बोलावं तशी बोलत होते. वस्तीत विचारीन हे मी पुन्हा म्हटलं. तिने खाली बसलेल्या मुलाकडे एकदा पाहिलं. मग तिने हात पुढे केला. मी पेनातली निळी शाई तिच्या अंगठ्याला चोपडली आणि तिचा अंगठा धरून कागदावर टेकवला. ती तो मागे ओढत होती, म्हणून ठसा जरा फाकला. बाकी उत्तम उठला.

घरी आले ती उड्या मारतच. आई अंगणात आमसुलं वाळत घालत होती. मी तिला सगळी हकिगत रंगवून सांगितली: लबाडी कशी ओळखली, ढिगामागे कशी लपले, अंगठा कसा मिळवला. आई एकेक आमसूल पसरत राहिली. शेवटी म्हणाली, "तिची आधीची मुलं गेली असतील."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? मूल जगत नाही म्हटलं की असंच करतात. जन्मल्याबरोबर सुपात घालून शेजारणीला द्यायचं. पाच वर्षं ते शेजारणीचं. पाच भरली की सूपभर मीठ देऊन परत विकत घ्यायचं. तिकडे मीठ देतात, आपल्याकडे तांदूळ. तोवर माझं म्हणायचं नाही, लोकांसमोर जवळ घ्यायचं नाही. जो न्यायला येतो त्याला वाटलं पाहिजे, या घरात न्यायला काही नाही."

"ही अंधश्रद्धा आहे," मी म्हटलं.

"असेल." आईने पहिल्यांदाच मान वर केली. "तू तिच्याकडून काय लिहून घेतलंस म्हणालीस?"

तीन वर्षं मी पाठ करत होते की मूल कोणत्या घरात, कोणत्या रीतीत वाढतं ते आधी समजून घ्यावं. आणि ज्या गावात जन्मले तिथली रीत मला आईने आमसुलं पसरता पसरता सांगावी लागली. मला भयंकर लाज वाटली. आणि लाज वाटली की मी हट्टाला पेटते, हाही स्वभावच. दोन दिवस मी गेलेच नाही. कागदावरच्या ठशाने कुणाला काही होत नसतं, हे स्वतःला सांगत राहिले.

तिसऱ्या दिवशी गेले. अंगणात मुलगा नव्हता. शेजारणीने मला बघितलं मात्र आणि अंगावरच आली. "तू लिवलंस ना! कागदावर घातलंस ना त्याला! जा, बघ जा आतमधी!"

तो शेजारणीच्या झोपडीत घोंगडीवर पडला होता. कालपासून ताप. अंगाला हात लावला तर भाजत होता. त्याची आई दाराबाहेर बसली होती. आत जायची तिची हिंमत नव्हती. आपण त्याच्याजवळ दिसलो तर उरलंसुरलं बिंग फुटेल अशी तिला धास्ती. आत मूल कण्हत होतं आणि ती उंबऱ्याबाहेर पदराचं टोक पिळत होती. मला बघून ती रागावली नाही, हे सगळ्यात वाईट. ती म्हणाली, "दोन गेलीत माजी. तुना म्हाईत नवता, बाय. आता दे ता कागूद."

मी पान फाडायला गेले. ती ओरडली, "फारू नको! त्याचा नाव हाय त्याच्यावर." जाळायचंही नाही. मग मी ब्लेडने शिवणीजवळून सबंध पान अलगद कापून काढलं. आम्ही दोघी मिठागरात गेलो. शेवटच्या वाफ्यात तिने ते पान खारट पाण्यावर उताणं ठेवलं. ते हळूहळू भिजलं, निळी शाई पसरली, अक्षरं गेली, मग ठसा गेला. तेव्हा तिने ते टाचेने चिखलात दाबलं आणि पुन्हा पुन्हा दाबत राहिली.

"पुन्हा लिवशील?"

"नाही. बोलणारही नाही."

तिथून मी सरकारी दवाखान्यात गेले आणि कंपाउंडरच्या हातापाया पडून तापाच्या गोळ्या आणल्या. शेजारणीचा माझ्या गोळ्यांवर काडीचा विश्वास नव्हता. तिच्या जागी मी असते तर माझाही नसता. शेवटी एक गोळी मी स्वतः तिच्यासमोर चावून खाल्ली, कडू जहर, तेव्हा तिने दुसरी मुलाला दिली. चार दिवसांनी ताप उतरला. गोळ्यांनी उतरला की पान बुडवल्याने, याबद्दल वस्तीत दुमत नव्हतं. माझंही मत त्या चार दिवसांत वस्तीच्या फार जवळ गेलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

उरलेल्या भेटी मी पुऱ्या केल्या. वहीतला 'भावनिक दुरावा' खोडला. पण शेवटच्या पानाचं काय करणार? म्हातारीला अंगठ्याचं विचारलं, तर तिने हात पदराखाली घेतले. "आता कागूद या दारात नको."

कॉलेज उघडल्यावर बाईंनी माझी वही शेवटाकडून उघडली. "साठावं पान कुठे आहे?"

"काढलं."

"का?"

मी टेबलावरच्या लाल पेन्सिलीकडे पाहिलं.

"आईचा अंगठा?"

"दिला नाही."

"आई कोण? सबंध वहीत तुम्ही एकदाही स्पष्ट लिहिलेलं नाही. मुलाचं वजन नाही. नाव हे असलं, जे कुणी पोटच्या मुलाचं ठेवणार नाही. एक शेजारीण, एक काकी. आईच नाही?" बाईंनी चष्मा काढला. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

सांगून टाकावं असं अगदी जिभेवर आलं होतं. बाई समजूतदार होत्या. कदाचित खूशही झाल्या असत्या, कारण रीतीभातींवर त्यांनी स्वतःच आम्हाला शिकवलं होतं. पण मग त्यांनी ते लिहून ठेवलं असतं, वर्गात सांगितलं असतं, आणि आई कोण ते पुन्हा एका कागदावर चढलं असतं. मी खाली बघत उभी राहिले. आयुष्यभर मी लोकांकडे ज्या नजरेने बघत आले होते, ती नजर त्या दिवशी माझ्यावर होती. फार टोचते ती. बाईंनी लाल पेन्सिलीने वहीवर शेरा लिहिला, खाली सही केली. त्या प्रात्यक्षिकात मी नापास झाले. ते पुढच्या वर्षी पुन्हा करावं लागलं आणि वडिलांना तोंड दाखवणं जड गेलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन वस्तीत गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. तिने विचारलं होतं, पुन्हा लिहिशील का. नाही लिहिलं, एवढं तरी दाखवावं असं वाटत होतं. मुलगा अंगणात खेकड्याच्या मागे धावत होता. दोघी बायका उंबऱ्यावर बसल्या होत्या. मला बघून शेजारणीने लगेच हात पदराखाली घेतले.

"घाबरू नका," मी म्हटलं. "माझ्या बाईंनी लिहिलंय ते वाचून दाखवते." आणि वाचलं: "'हे मूल अस्तित्वात आहे असे मला वाटत नाही.'"

"म्हंजे?"

"म्हणजे असं मूल नाहीच. कुठेच नाही. मी खोटं रचलं, असं त्या म्हणतात."

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. "तुजी बाय शिकलेली हाय?" मुलाच्या आईने विचारलं.

"खूप. परदेशात शिकून आलीय."

"आनि तिनं सोता लिवलंय? असा पोर न्हाय म्हून?"

"हो."

"सई हाय खाली?"

"आहे. ही बघा."

तिने त्या लाल सहीवर बोट ठेवलं आणि हळूहळू फिरवलं. मग ती हसली. त्या बाईला मी हसताना पहिल्यांदाच पाहत होते. "पुन्ना वाच गो," ती म्हणाली. मी पुन्हा वाचलं. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावलं आणि या खेपेला चांगलं मोठ्याने, खाडीकडे तोंड करून. "बेस झाला," शेजारीण म्हणाली, "ही वही सांबालून ठेव." मग मुलाच्या आईने मला पहिल्यांदाच आत बोलावून चहा दिला, गोड्या पाण्याचा.

मुलगा पाच वर्षांचा झाला तेव्हा मी मुंबईत नोकरीला लागले होते. वडिलांच्या पत्रात एका ओळीत निरोप आला: मिठागरातल्या बाईने बोलावलं आहे. मी लाँचने आले आणि धक्क्यावरून थेट वस्तीवर गेले. अंगणात माणसं जमली होती. तिने सूपभर मीठ शेजारणीच्या ओटीत घातलं. शेजारणीने मुलाचा हात तिच्या हातात दिला आणि डोळे पुसत आत निघून गेली. मुलगा आता मोठा झाला होता, तरी आईने त्याला सगळ्यांदेखत कडेवर घेतलं. त्याचे पाय तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. गर्दीतून ती सरळ माझ्याकडे आली आणि अंगठा पुढे केला.

"लिव आता."

मी वही आणली नव्हती. पिशवीत होतं ते लाँचचं तिकीट काढलं आणि त्याच्या मागे लिहिलं, 'हा माझा मुलगा.' पेनातली शाई तिने स्वतःच अंगठ्याला लावून घेतली. तिकीट एवढंसं, ठशाने भरून गेलं. या वेळी तिचा हात मला धरावा लागला नाही.